इंदिरा गांधी स्मृती संग्रहालय, दिल्ली: वेळ काढून पाहावं असं घर

१, सफदरजंग रोड. पंतप्रधान असताना इंदिराजी याच बंगल्यात राहत होत्या. प्रवेश मोफत आहे, सोमवारी बंद. मेट्रोने यायचं तर यलो लाइनवरचं लोक कल्याण मार्ग स्टेशन सोयीचं.

सुरुवातीला फोटो आणि वर्तमानपत्रांची कात्रणं आहेत. इथे बरेचजण रेंगाळतात आणि पुढे राहत्या खोल्यांसमोरून घाईने निघून जातात. खरं तर उलट करावं. काचेपलीकडची अभ्यासिका आणि पुस्तकांनी भरलेली कपाटं नीट बघा; सत्तेतल्या माणसाचं घर इतकं साधं असू शकतं, हे तिथेच उमगतं. ३१ ऑक्टोबर १९८४ ला नेसलेली साडीही जपून ठेवली आहे. तिच्यावरची गोळ्यांची भोकं दिसतात. लहान मुलं सोबत असतील तर त्यांना आधी कल्पना द्या.

शेवटी बाग. शेजारच्या १, अकबर रोडवरच्या कार्यालयाकडे त्या सकाळी चालत निघाल्या, ती पायवाट आता स्फटिकाच्या काचेने झाकली आहे. इथे आवाज आपोआप खाली येतो.

एक सुचवणं: १९६९ चं १४ बँकांचं राष्ट्रीयीकरण, १९७१ चं युद्ध आणि १९७५ ते १९७७ ची आणीबाणी यांबद्दल आधी थोडं वाचून जा. नुसत्या कात्रणांवरून, विशेषतः आणीबाणीचा, पुरता अंदाज येत नाही. हातात दीड तास तरी ठेवा, आणि सहलींची गर्दी टाळायला सकाळी दार उघडताच पोहोचा.