खोक्याविना आलेली पोर्ट्रा

120च्या, म्हणजे मीडियम फॉरमॅट कॅमेऱ्यात लागणाऱ्या रुंद रोलच्या कलर फिल्मचे भाव ऐकून भल्याभल्यांचा हात आखडतो. कोडॅकच्या पोर्ट्रा 400चा एक रोल आपल्याकडे दीड हजाराच्या वर, 6×6 सेंटिमीटरच्या चौरस फ्रेमला त्यात फोटो 12, डेव्हलपिंग-स्कॅनिंग वेगळंच. अशात इन्स्टाग्रामवर कुणी ‘फ्रेश पोर्ट्रा, फ्रीजमधला स्टॉक, 800 रुपये रोल’ असं टाकलं की उड्या पडणारच. मीही पाच रोल मागवले.

खोकं नव्हतं. विचारलं तर उत्तर तयार: “सर, प्रो पॅक फोडून सुटे विकतो.” हे उत्तर बेरकी आहे, कारण अर्धं खरं आहे. ही फिल्म पाच रोलच्या खोक्यात येते आणि चांगले दुकानदारही सुटे रोल देतात. फक्त तारीख आणि इमल्शन नंबर (फिल्मच्या बॅचचा नंबर) छापलेलं ते खोकं त्यांच्याकडे असतं, मागितलं की दाखवतात. या महाशयांनी म्हणे ते टाकून दिलं होतं. रोल आले तेही साध्या चंदेरी पाकिटात. का, तर “मुंबईची दमट हवा, म्हणून पुन्हा सील केले.” आत फिल्मभोवती गुंडाळलेल्या कागदावर मात्र ठळक पोर्ट्रा 400.

पहिला रोल मावसबहिणीच्या डोहाळजेवणाला लावला. खिडकीचा छान उजेड, हिरवी साडी, फुलांचे दागिने, उजेडाचं मीटर फिल्मच्या स्पीडवर, म्हणजे 400वर (हा आकडा जितका मोठा तितका फिल्मला उजेड कमी लागतो). स्कॅन आले ते बघवेनात. साडी चिखलाच्या रंगाची, सावल्यांत नुसता जांभळट गाळ, आणि पहिली फ्रेम अर्धीच. विक्रेत्याला पाठवले तर म्हणाला, “लॅबने वाट लावली. केमिकल जुनं असणार.”

लॅबवाल्या काकांनी निगेटिव्ह लाइट टेबलवर ठेवली आणि कडेवर बोट टेकवलं. फिल्मच्या कडेची अक्षरं कारखान्यातच उमटवलेली असतात आणि डेव्हलप झाल्यावर दिसतात. तिथे पोर्ट्रा नव्हतंच, फुजीची एनपीएस 160 होती! 2004च्या सुमारास तिची जागा प्रो 160एसने घेतली, म्हणजे हा माल वीस वर्षांच्या पलीकडचा. कागदाला फिल्म चिकटवणारी टेपही काकांनी ठेवली होती. कारखान्याची एकच सरळ पट्टी असते, इथे एकावर एक दोन होत्या, वरची वाकडी मास्किंग टेप. वापरलेल्या रोलचे कागद आणि स्पूल लॅबच्या कचऱ्यात जातात. ते गोळा करून अंधाऱ्या पिशवीत जुनी फिल्म गुंडाळली, की झाली पोर्ट्रा. गुंडाळताना फिल्मचं टोक जागेवरून सरकलं, म्हणून पहिली फ्रेम अर्धी.

आता हिशेब बघा. 160ची फिल्म 400 समजून वापरली, तिथेच सव्वा स्टॉपहून जास्त गेला (एक स्टॉप कमी म्हणजे उजेड निम्मा). जुन्या कलर निगेटिव्हला दर दहा वर्षांना एक स्टॉप जास्त द्यावा हा ढोबळ नियम, म्हणजे आणखी दोन. मिळून फिल्मला हवा त्याच्या जेमतेम दहावा हिस्सा उजेड मिळाला. यात लॅब बिचारी काय करणार? केमिकल खरंच कमजोर असतं तर कडेची अक्षरंही फिकी पडली असती. ती चांगली काळी होती. लॅबवर खापर फोडलं की निम्मी गिऱ्हाईकं लॅबशी भांडत बसतात, हे या धंद्याचं खरं कवच आहे.

एक्सपायर्ड फिल्म विकायला माझी काही हरकत नाही. तारीख सांगून, त्या भावात विका, हौशी लोक घेतात. पण कमी पैशात कलर हवाच असेल तर स्वस्त पोर्ट्राच्या मागे लागण्यापेक्षा सीलबंद कोडॅक गोल्ड 200 घ्या. 2022पासून ती 120मध्ये मिळते. पोर्ट्रा 400पेक्षा एक स्टॉप मंद आहे, घरात त्रास देते, उन्हात झकास. लोमोग्राफी कंपनीचे तीन रोलचे पॅकही बघा. आणि सुटा रोल घ्यायचाच तर पैसे पाठवण्याआधी खोक्याच्या तारखेचा फोटो मागवा.

पुरावा दाखवल्यावर त्याने मला ब्लॉक केलं. चॅटचे स्क्रीनशॉट आणि यूपीआयचा व्यवहार क्रमांक आधीच जपले होते, म्हणून 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करून तक्रार नोंदवता आली. पैसे अजून आलेले नाहीत. अकाउंटचं नाव तेवढं बदललंय. फोटोत तोच निळ्या चौकटींचा टेबलक्लॉथ, आणि त्यावर आता कोडॅकचीच एकटार 100, खोक्याविना, 900 रुपये रोल.