उपकारस्तुतीची डायरी: तीन महिने वापरल्यावर

आधी वाटलं काय असणार यात, रोज बायबलमधलं एक वचन आणि खाली तीन रिकाम्या ओळी, आज देवाचे आभार कशासाठी ते लिहायचं, बस. पहिला आठवडा तर मी तेच तेच लिहीत होतो, घर, तब्येत, नोकरी, स्वतःलाच बोअर झालं. मग स्तोत्र १३६ आलं, २६ ओळी आणि प्रत्येक ओळीला शेवटी देवाची दया सनातन आहे हेच, तेव्हा कळलं की रिपीट होणं प्रॉब्लेम नाहीये, मी न बघता लिहीत होतो तो प्रॉब्लेम होता. लूकच्या शुभवर्तमानातल्या १७ व्या अध्यायाचं पान सगळ्यात भारी, येशूने दहा कुष्ठरोगी बरे केले आणि आभार मानायला परत आला एकच, तोही शोमरोनी, म्हणजे यहुदी ज्यांना परके मानायचे त्यांच्यातला. खाली प्रश्न, तू कितव्यांदा परत आलास? त्या दिवशी काहीच लिहिता आलं नाही.

कागद पातळ आहे, जेल पेनची शाई मागे उतरते. आणि दुःखाच्या दिवसांसाठी वेगळं पान हवं होतं, कारण बायबलमध्ये प्रेषित पौलाने 'सर्व स्थितीत' आभार माना म्हटलंय, पण डायरी फक्त हसऱ्या मूडची. तरी चार स्टार, दुसरी मागवलीय.