पीएचक्यू-९: गावात तोंडी विचारायची तर

मानसशास्त्राच्या एम.ए. प्रबंधात नैराश्य मोजायचं ठरलं की संभाजीनगर असो की नांदेड, पहिली आठवते ती पीएचक्यू-९ ही प्रश्नावली. नऊ प्रश्न, एक पान, मराठी भाषांतर तयार, वापरायला ना पैसे ना परवानगी. मागच्या दोन आठवड्यांत कोणता त्रास किती दिवस झाला त्याला 0 ते 3 गुण, बेरीज 0 ते 27. कॉलेजच्या वर्गात वाटली तर काही मिनिटांत भरून परत येते. तिथे तक्रारीला जागा नाही.

गावात मात्र तिची तोंडी मुलाखत होते आणि पर्यायांपासूनच घोळ सुरू होतो. ‘निम्म्याहून जास्त दिवस’ ऐकून समोरचा म्हणतो, “व्हतंय की कधीमधी.” याला 1 द्यायचा की 2, हे मग विचारणाराच ठरवतो. दोन विचारणारे, दोन आकडे. त्यापेक्षा 14 शेंगदाणे समोर ठेवा, “मागल्या दोन बाजारांपासून” असा हिशेब सांगा आणि त्रासाच्या दिवसांइतके दाणे बाजूला काढायला लावा. आठवडी बाजाराचा वार कुणी विसरत नाही. दिवस मोजून विचारणाऱ्या सर्वेक्षणांत 0-1 दिवसाला 0, 2-6 ला 1, 7-11 ला 2 आणि 12-14 ला 3 अशी वाटणी असते. तीच घ्या, आणि तसं प्रबंधात लिहा.

झोपेचा तिसरा प्रश्न रब्बीत हमखास फसवतो. थ्री-फेज रात्री आली की हरभऱ्याला पाणी द्यायला माणूस जागाच, आणि गुण पडतात 3. गुण बदलू नका, पण “लाईटची पाळी नसते त्या रात्री झोप लागते का?” हे विचारून समासात नोंदवा. कापूस वेचणीत थकव्याच्या चौथ्या प्रश्नाचं तेच. सातव्यात पेपर वाचण्याचं उदाहरण आहे; न वाचणाऱ्या बाईला कीर्तन ऐकण्याचं किंवा धान्य निवडण्याचं द्यावं, पण मग सगळ्यांना तेच. आठ-दहा जणांना आधी विचारून पाहा: “यातून तुम्हाला काय समजलं?” ही पायरी गाळून अल्फा, म्हणजे प्रश्नांच्या उत्तरांचा आपसात किती मेळ बसतो तो आकडा, काढत बसण्यात अर्थ नाही. सगळे एकाच चुकीच्या अर्थाने उत्तरं देत असले तरी अल्फा छान येतो.

ओसरीवर सासू बसलेली असेल तर सहाव्या (स्वतःबद्दल वाईट वाटण्याच्या) आणि नवव्या (मरणाच्या विचारांच्या) प्रश्नाला 0 येणारच. बांधावर विचारा, बाईला बाईनेच विचारावं, आणि विचारणारी त्याच गावची आशाताई नको. बीडकडे ऊसतोड कुटुंबं हवी असतील तर दिवाळीनंतर जाऊन उपयोग नाही, घरी म्हातारीकोतारीच भेटतात.

निष्कर्ष लिहिताना सर्वांत जास्त घसरतं ते 10 गुणांच्या रेषेवर; 10 किंवा जास्त गुण आले की नैराश्य असण्याची शक्यता धरतात. 2001 च्या मूळ अभ्यासात या रेषेला संवेदनशीलता (नैराश्य असलेल्यांपैकी किती सापडले) आणि विशिष्टता (नसलेल्यांपैकी किती बरोबर वगळले गेले) दोन्ही 88 टक्के निघाली. आता 1000 लोकांत 50 जणांना खरोखर नैराश्य आहे असं धरा. रेषेवर 44 खरे सापडतात, आणि उरलेल्या 950 मधले 114 विनाकारण येतात. म्हणजे 158 पैकी 44. तरीही प्रबंधात ‘नैराश्याचं प्रमाण 15.8 टक्के’ असं छापलं जातं! चाळणी म्हणून प्रश्नावली उत्तम, निदान म्हणून नाही. रेषेवरच्यांची तज्ज्ञाने घेतलेली मुलाखत नसेल तर ‘प्रमाण’ हा शब्द वापरू नये.

नववा प्रश्न मरणाच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांचा. तो गाळणारे आहेत. गाळला की ती पीएचक्यू-८ होते, बेरीज 24 वर थांबते, हे तरी सांगावं. ठेवायचा तर तयारीने ठेवा. 1 जरी आला तरी पुढचा फॉर्म बंद. काही ठरवलंय का, घरात फवारणीचं औषध कुठे आहे, हे सरळ विचारा. माणसाला एकटं सोडू नका, त्याच्या संमतीने घरातल्या विश्वासाच्या माणसाला बोलवा, औषधाची बाटली त्याच्या हाताबाहेर ठेवायला सांगा. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 तिथूनच लावून द्या. जिल्हा रुग्णालयात मनोविकारतज्ज्ञ कोणत्या वारी बसतात, हे गावात शिरण्याआधीच विचारून ठेवलेलं असावं.