शाळेच्या म्युझिक व्हिडिओसाठी दाविंची रिझॉल्व्ह : काही महिन्यांच्या वापरानंतर

नववीच्या मुलांबरोबर दाविंची रिझॉल्व्हची मोफत आवृत्ती वापरायला लागून आता बरेच महिने झाले. मुलांच्या वेगवेगळ्या गटांनी त्यावर छोटे म्युझिक व्हिडिओ केले आणि त्यांच्याबरोबर मीही शिकत गेले. माझं मत आता पक्कं झालंय, ते आधीच सांगून टाकते. शाळेच्या प्रकल्पात या सॉफ्टवेअरचा सगळ्यात मोठा उपयोग चित्रीकरणाच्या आधी होतो. बहुतेक जण ते शूटिंग उरकल्यावर उघडतात. आम्ही एकही शॉट घेण्यापूर्वी उघडतो आणि पुढची निम्मी डोकेदुखी तिथेच संपते.

ज्यांनी ते वापरलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. दाविंची ही मुळात व्यावसायिक चित्रपट-जाहिरातींचे रंग दुरुस्त करण्याची यंत्रणा. 2009 मध्ये ब्लॅकमॅजिक डिझाइनने ती विकत घेतली आणि पुढे तिच्यात एडिटिंग, आवाज, इफेक्ट्स असं सगळं येत गेलं. विंडोज, मॅक आणि लिनक्स तिन्हींवर चालते. मोफत आवृत्तीत अल्ट्रा एचडीपर्यंत आणि सेकंदाला 60 फ्रेमपर्यंत (फ्रेम म्हणजे व्हिडिओतलं एक स्थिर चित्र) व्हिडिओ बाहेर काढता येतो. शाळेच्या कामाला 1080 पी भरपूर झालं. विकत घ्यायच्या स्टुडिओ आवृत्तीसाठी राखलेला एखादा इफेक्ट लावला तर चित्रावर वॉटरमार्क उमटतो. आम्हाला त्यातल्या एकाचीही गरज पडली नाही.

म्युझिक व्हिडिओत लांबी, लय आणि शेवट हे तिन्ही गाण्याने आधीच ठरवून दिलेले असतात. म्हणून नव्या प्रोजेक्टमध्ये सर्वांत आधी फक्त गाणं आणायचं. पण त्याच्याही आधी प्रोजेक्ट सेटिंग्जमध्ये जाऊन टाइमलाइनचा, म्हणजे क्लिप ओळीने मांडायच्या पट्टीचा, फ्रेम रेट (सेकंदाला किती फ्रेम) ठरवायचा. ही गोष्ट फार महत्त्वाची आहे, कारण मुळात तिथे 24 असतो. पहिल्यांदा व्हिडिओ आणला आणि त्याचा रेट वेगळा असला, तर सॉफ्टवेअर स्वतःहून विचारतं की बदलू का. नुसतं गाणं आणलं तर विचारायला काही कारणच नसतं. एकदा टाइमलाइन तयार झाली की तिचा फ्रेम रेट बदलता येत नाही. म्हणजे गाण्यापासून सुरुवात करणाऱ्यांनीच याची जास्त काळजी घ्यायची.

रेट किती ठेवायचा हे विजेच्या दिव्यांवर ठरवा. जिथे वीज 50 हर्ट्झची आहे तिथे साधे दिवे सेकंदाला 100 वेळा कमी-जास्त होतात. तिथे 25 फ्रेम आणि 1/50 शटर (म्हणजे प्रत्येक फ्रेमला सेकंदाचा पन्नासावा भाग उजेड) ठेवलं की वर्गातल्या ट्यूबलाइटखाली चित्रात पट्टे सरकत नाहीत. 60 हर्ट्झ असेल तर 30 फ्रेम आणि 1/60. फोनच्या मूळ कॅमेऱ्यात शटर हाताने ठरवण्याची सोय बऱ्याचदा नसते. ब्लॅकमॅजिकचंच कॅमेरा ॲप मोफत आहे, त्यात शटर, फ्रेम रेट आणि व्हाइट बॅलन्स (पांढरं पांढरंच दिसावं याची जुळवणी) तिन्ही बांधून ठेवता येतात. तुमच्या फोनवर ते चालत असेल तर जरूर घ्या.

आता खुणा. गाणं वाजवायचं, टाइमलाइनवरची एकही क्लिप निवडलेली नाही हे बघायचं आणि प्रत्येक समेला, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेला, एम हे बटण दाबायचं. क्लिप निवडलेली असेल तर खूण क्लिपवर बसते. काहीच निवडलेलं नसेल तर वरच्या पट्टीवर बसते, आणि आपल्याला तीच हवी. ध्रुवपदाला एक रंग, कडव्यांना दुसरा, मधल्या वाद्यांच्या तुकड्याला तिसरा. तबला शिकणाऱ्या मुलांना हे काम द्या, ती अचूक करतात. गाणं दादऱ्यात असेल तर सम सहा मात्रांनी येते. सगळीकडे चाराचा हिशेब लावणाऱ्या मुलांना हे सांगावं लागतं.

इथे गणिताचा तासही होऊन जातो. मिनिटाला 100 ठोके असतील तर एक ठोका 0.6 सेकंदाचा, म्हणजे 25 च्या रेटला बरोबर 15 फ्रेम. 120 ठोके असतील तर साडेबारा फ्रेम येतात आणि अर्धी फ्रेम काही कापता येत नाही. मग एक कट 12 वर, पुढचा 13 वर. डोळ्याला काहीही कळत नाही. पण मुलांनी हा हिशेब स्वतः मांडला की फ्रेम म्हणजे काय हे त्यांना पुन्हा समजावावं लागत नाही.

खुणा झाल्या की मुलं कागदावर चौकटी काढतात. काड्यांची माणसं चालतील. त्यांचे फोटो काढून गाण्यावर ओळीने लावायचे. सगळा व्हिडिओ असा आधी चित्रांत बघायचा, यालाच ॲनिमॅटिक म्हणतात. माझ्या मते अख्ख्या प्रकल्पातला सर्वांत शिकवणारा भाग हाच. एका गटाची गोष्ट होती हरवलेल्या वहीची. कागदावर ती छान वाटत होती. चित्रं गाण्यावर लावल्यावर दिसलं की पहिलं कडवं संपलं तरी वही अजून हरवलेलीच नाही, आणि दुसऱ्या कडव्यात आठ सेकंदांत पाच प्रसंग कोंबलेत. मुलं काही वेळ भांडली, मग त्यांनी वही पहिल्याच ओळीवर हरवली आणि दोन पात्रं काढून टाकली. चित्रीकरण झाल्यावर हे कळलं असतं तर काढलेल्या शॉट्सवरच्या मायेने कुणीच काही कापू दिलं नसतं.

शॉटची यादी याच टाइमलाइनवरून तयार होते. प्रत्येक खुणेला नाव आणि टीप देता येते, त्यामुळे कुठल्या ओळीला कोण, कुठे, काय करतंय हे तिथेच लिहायचं. यादीत वेळ वाचवणारा एक नियम आम्ही पाळतो : गाणाऱ्यांचा प्रत्येक ठिकाणी एक तरी टेक अख्ख्या गाण्याचा घ्यायचा, अधे न थांबता. शब्द चुकला तरी पुढे जायचं. बारीकसारीक शॉट, म्हणजे हात, पाय, वाद्यं, वही, हे नंतर.

ओठ जुळवण्याबद्दल लोक उगाच घाबरतात. गाण्याच्या सुरुवातीला तीन टिकटिक जोडलेली एक फाइल करा, ती स्पीकरवर लावा आणि मुलांना खरंच मोठ्याने गाऊ द्या. नुसते ओठ हलवले की गळ्याच्या शिरा आणि श्वास खोटे दिसतात. कॅमेऱ्याचा माइक चालूच ठेवा. तो आवाज शेवटी वापरायचा नसतो, जुळवण्यासाठी लागतो. ब्लूटूथ स्पीकरला आवाज थोडा उशिरा येतो म्हणून वायरचाच हवा, असं काही जण सांगतात. या पद्धतीत त्याने फरक पडत नाही, कारण मुलं जो आवाज ऐकून गातात तोच कॅमेराही ऐकतो. फरक पडतो तो अंतराने. आवाज सेकंदाला सुमारे 340 मीटर जातो. स्पीकर गाणाऱ्यांजवळ आणि कॅमेरा मैदानाच्या टोकाला 34 मीटरवर असेल, तर कॅमेऱ्याला आवाज दशांश सेकंद उशिरा मिळतो, म्हणजे 25 च्या रेटला अडीच फ्रेम. आवाजावरून जुळवलं की ओठ गाण्याच्या थोडे पुढे धावतात. अशी लांबची क्लिप दोन-तीन फ्रेम उजवीकडे सरकवली की काम झालं.

हळू गतीचा शॉट हवा असेल तर गाणं दुप्पट वेगाने वाजवा, मुलांना त्याच वेगाने गाऊ द्या, 50 फ्रेमने चित्रित करा आणि नंतर निम्म्या वेगाने चालवा. केस सावकाश उडतात आणि ओठ मात्र गाण्याशी बरोबर जुळतात. हे तुकडे हाताने जुळवावे लागतात, पण मेहनतीचं चीज होतं. दुप्पट वेगाने गाताना मुलं हसून लोळतात, त्यासाठी वेळ धरून ठेवा.

रिझॉल्व्हची जी सोय पाहून मी या सॉफ्टवेअरच्या प्रेमात पडले ती म्हणजे मल्टीकॅम. वर्ग, मैदान, जिना, ग्रंथालय असे अख्ख्या गाण्याचे सगळे टेक निवडायचे, मल्टीकॅम क्लिप बनवायला सांगायची आणि जुळवणीसाठी आवाज हा पर्याय द्यायचा. सॉफ्टवेअर प्रत्येक टेकमधला स्पीकरचा आवाज तपासून सगळे एका वेळेवर आणतं. कॅमेरा एकच होता आणि टेक वेगवेगळ्या दिवशी घेतले होते, पण पडद्यावर सगळे टेक एकत्र धावताना दिसतात. मग गाणं चालू करून आकड्यांची बटणं दाबत जायचं, जणू थेट कार्यक्रम कापतोय. प्रत्येक मुलाला स्वतःची एक आवृत्ती करायला द्यावी. एकाच चित्रीकरणातून इतके वेगळे व्हिडिओ निघतात की एडिटिंग म्हणजे काय यावर भाषण द्यायला नको. फोनच्या लांब टेकमध्ये ओठ हळूहळू सरकताना दिसले, तर फ्रेम रेट बदलता असण्याची शक्यता बघा. हँडब्रेक या मोफत सॉफ्टवेअरने तो स्थिर करून घेता येतो.

कट कुठे करावा यावर माझं ठाम मत आहे. सुरुवातीला सगळी मुलं प्रत्येक ठोक्याला कापतात. 100 ठोक्यांच्या तीन मिनिटांच्या गाण्यात तसे 300 शॉट होतील आणि एकही चेहरा लक्षात राहणार नाही. कडव्यात दोन-तीन आवर्तनं एकच शॉट टिकू द्या, कट समेवर ठेवा आणि घाई वाद्यांच्या तुकड्यासाठी राखून ठेवा. आणि कधीतरी समेच्या दोन-तीन फ्रेम आधी कापून पाहा. नवं चित्र डोळ्यात शिरेपर्यंत ठोका पडतो आणि कट जास्त नेमका वाटतो.

रंगांचं पान हे या सॉफ्टवेअरचं वैभव असलं तरी शाळेत त्यात फार वेळ घालवू नका. चित्रीकरणातच व्हाइट बॅलन्स बांधलेला असेल तर उजेड थोडा सारखा केला की पुरे. शेवटी व्हिडिओ ज्या प्रोजेक्टरवर दाखवणार त्यावर एकदा लावून बघा. संगणकावर ठीक दिसणारे सावलीतले चेहरे तिथे काळे पडतात.

अडचणी आहेत. हे सॉफ्टवेअर भारी आहे. विंडोजवर निर्मात्यांची शिफारस 16 जीबी रॅमची आहे आणि फ्यूजन हा त्यातला इफेक्ट्सचा विभाग वापरायचा तर 32 ची. शाळेच्या जुन्या संगणकांवर आम्ही प्लेबॅक मेन्यूतून टाइमलाइनचं रिझोल्यूशन निम्मं किंवा पाव करतो आणि क्लिपच्या प्रॉक्सी, म्हणजे हलक्या प्रती, बनवून घेतो. मग मल्टीकॅमही चालतं. मेन्यू मराठीत नाहीत, तेव्हा पहिल्या तासाला फळ्यावर मोजकी बटणं लिहून द्यावीत. संगणकात 4 जीबी रॅम असेल तर मात्र आग्रह धरू नका. फोनवरच्या साध्या एडिटिंग ॲपमध्येही गाणं आधी ठेवून चौकटींचे फोटो लावता येतात.

गाण्याच्या हक्कांचं आधीच ठरवा. पारंपरिक गाणं जुनं आणि मोकळं असलं तरी त्याच्या रेकॉर्डिंगचे हक्क वेगळे असतात, म्हणून मुलांनी स्वतः गाऊन रेकॉर्ड केलेलं उत्तम. क्रिएटिव्ह कॉमन्सचं संगीत घेताना परवान्यात एनडी ही अक्षरं दिसली तर ते सोडा. चित्राबरोबर संगीत जोडणं हा त्या परवान्यांत मूळ कृतीतला बदल धरला जातो आणि एनडी त्यालाच मनाई करतं. चेहरे दिसणाऱ्या प्रत्येक मुलाच्या पालकांची लेखी परवानगी चित्रीकरणाआधी घ्या.

शेवटची कामाची गोष्ट. रिझॉल्व्हचं प्रोजेक्ट नेहमीच्या फाइलसारखं फोल्डरमध्ये सापडत नाही, ते त्या संगणकावरच्या प्रोजेक्ट लायब्ररीत असतं. नुसतं प्रोजेक्ट एक्स्पोर्ट केलं तर खुणा आणि कट येतात, चित्रीकरण येत नाही. सगळं एकत्र हवं तर प्रोजेक्ट आर्काइव्ह करायचं. आम्ही प्रत्येक गटाचं आर्काइव्ह शाळेच्या हार्ड डिस्कवर ठेवलंय. त्यात काड्यांच्या माणसांची पहिली टाइमलाइन आणि शेवटची टाइमलाइन दोन्ही आहेत, आणि नव्या गटांना मी तयार व्हिडिओच्या आधी तीच जोडी उघडून दाखवते.