प्रशिक्षण क्षेत्रात पीएचडी झाल्यावर: प्राध्यापकी की कंपनीचा एल अँड डी (लर्निंग अँड डेव्हलपमेंट, म्हणजे प्रशिक्षण आणि विकास) विभाग?

कर्मचारी प्रशिक्षण आणि विकास या विषयात पीएचडी झाली की बहुतेक जण दोन वाटांची तुलना पगारावर करतात. त्याआधी एक गोष्ट तपासावी: प्रशिक्षण संपल्यावर कामात काय फरक पडला, हे पाहायची मुभा कुठे मिळेल?

अभ्यासक डोनाल्ड कर्कपॅट्रिक यांनी 1959 मध्ये मांडायला घेतलेले प्रशिक्षणाच्या मूल्यमापनाचे चार स्तर (प्रतिक्रिया, शिक्षण, वर्तन, परिणाम) दोन्हीकडे चालतात. कंपनीत मात्र गाडी सहसा दुसऱ्या स्तराशीच अडते. फीडबॅक फॉर्म भरून घेतले, चाचणी झाली, की पुढची बॅच. वर्तन तपासायला तीन-चार महिन्यांनी परत जावं लागतं. तोवर मॅनेजर बदललेला असतो आणि बजेटही संपलेलं. प्रशिक्षण न दिलेला गट तुलनेसाठी मागितला, तर ‘त्यांनाच का वगळायचं?’ असा प्रश्न येतो. यावर उपाय आहे. सगळ्यांना एकदम न घेता दोन बॅच करा आणि चिठ्ठ्या टाकून कोण कुठल्या बॅचला ते ठरवा. दोन्ही बॅचची पूर्वचाचणी एकाच दिवशी घ्या. दुसरी बॅच सुरू होण्याआधी दोघांचंही काम पुन्हा मोजा. कोणी वगळलं जात नाही, तुलनाही मिळते.

विद्यापीठात वेळ असतो (म्हणजे शिकवणं, पेपर तपासणं आणि समित्या यांतून उरेल तो), पण माणसं नसतात. कंपनीची परवानगी, नैतिकता समितीची मंजुरी, मग प्रश्नावली. समजा 200 जणांनी पहिली भरली, तर दुसरीला 80 येतात आणि त्यातलेही काही स्वतःचा सांकेतिक क्रमांक विसरलेले असतात, त्यामुळे एकाच माणसाची पहिली आणि दुसरी प्रश्नावली जुळवता येत नाही. कागदावरचा अभ्यास इथेच कोसळतो. म्हणून क्रमांक आठवणीवर सोडू नये. नाव आणि क्रमांकांची यादी त्रयस्थाकडे ठेवावी. कंपनीचं नाव न घेता निष्कर्ष छापण्याचा हक्क पहिल्याच करारात लिहून घ्यावा, नंतर तो मिळत नाही.

कंपनीच्या बाजूचा खरा फायदा वेगळाच आहे. बाल्डविन आणि फोर्ड या संशोधकांनी 1988 मध्ये दाखवलं, की शिकलेलं कामात उतरणं शिकणारा, प्रशिक्षणाची रचना आणि कामाचं वातावरण या तिन्हींवर ठरतं. प्राध्यापक वातावरण मोजू शकतो. कंपनीतला माणूस मॅनेजरला गाठून ते बदलू शकतो.

परतीची वाट मात्र सारखी नाही. विद्यापीठातून कंपनीत जाणं जमतं, उलटं अवघड, कारण कंपनीतले अहवाल गोपनीय असतात आणि शोधनिबंधांची यादी थांबते. जायचंच असेल तर प्रबंधातले निबंध आधी छापायला पाठवून द्या आणि एखादा सहलेखक विद्यापीठात राखून ठेवा. प्राध्यापकीसोबत सल्लागारी हा मधला मार्ग बरा वाटतो, पण स्वतः विकलेल्या कार्यक्रमाचं मूल्यमापन स्वतःच केलं, तर त्यावर परीक्षक विश्वास ठेवणार नाहीत.

आमचं मत: प्रबंध निव्वळ प्रश्नावलीवर उभा असेल तर दोन-तीन वर्षं कंपनीत काढावीत. मुलाखतीत विचारा, ‘गेल्या वर्षी कुठला कार्यक्रम बंद केला आणि कशावरून?’ उत्तर फक्त बजेटपुरतं आलं, तर मोजमापाची अपेक्षा ठेवू नका. विद्यापीठात विचारायचं ते असं: ज्या कंपन्यांशी करार झालेत, त्यांच्या माहितीवर किती निबंध छापून आले?