ई-वे बिल प्रणाली: डिस्पॅच विभागाचा अभिप्राय

चाकणच्या औद्योगिक पट्ट्यातून वाहनांचे सुटे भाग परराज्यांत पाठवणाऱ्या आमच्यासारख्यांच्या संगणकावर दिवसभर उघडे असणारे संकेतस्थळ म्हणजे ई-वे बिलाचे (जीएसटी व्यवस्थेत मालवाहतुकीसाठी ऑनलाइन काढायचा दस्तऐवज). १ एप्रिल २०१८ पासून ५०,००० रुपयांहून अधिक किमतीच्या आंतरराज्य मालासाठी हे बिल बंधनकारक झाले.

या सेवेतील मला सर्वाधिक मोलाची वाटणारी सोय म्हणजे बिलातील वाहनाच्या तपशिलाचा भाग ‘ब’. गाडी घाटात बंद पडली आणि माल दुसऱ्या ट्रकमध्ये हलवावा लागला, तर नवा वाहन क्रमांक भरताच तेच बिल पुढे चालते. नव्याने कागदपत्रे करावी लागत नाहीत, आणि ज्या ग्राहकाची असेंब्ली लाइन आपल्या मालावर अवलंबून आहे त्याच्यासाठी वाचलेले ते दोन तास फार महत्त्वाचे असतात. पिनकोडवरून अंतर आपोआप निघते, हेही उत्तम.

बिलाच्या मुदतीच्या नियमाबाबत मात्र माझे मत वेगळे आहे. साध्या मालाला दर २०० किलोमीटरमागे एक दिवस मिळतो. पूर्ण भरलेल्या ट्रकला तो पुरतो. परंतु ट्रान्सपोर्टरच्या गोदामात इतर मालाची वाट पाहणाऱ्या पार्ट लोडला (ट्रकचा काही भागच व्यापणाऱ्या मालाला) तो अपुरा पडतो. मुदतवाढ ही बिलाची मुदत संपण्याच्या वेळेआधी वा नंतर आठ तासांतच घेता येते, आणि मुदत मध्यरात्री संपत असल्याने रात्रपाळीत जबाबदार माणूस ठेवणे भाग पडते. पार्ट लोडसाठी मुदतवाढ घेण्याचा हा आठ तासांचा अवधी चोवीस तासांचा करावा, असे मी आग्रहाने सुचवेन.