कॅज्युअल्टीतला हँडहेल्ड सोनोग्राफी प्रोब: काही महिने वापरल्यावर

मुंबई-गोवा महामार्गालगतचं आमचं ट्रस्टचं छोटं रुग्णालय. रेडिओलॉजिस्ट संध्याकाळी घरी जातात, सीटी स्कॅन गावात नाही. गेल्या पावसाळ्याआधी आम्ही टॅबला जोडायचा हँडहेल्ड प्रोब घेतला. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण या वर्गातल्या बहुतेक यंत्रांचे गुणदोष थोड्याफार फरकाने सारखेच.

घेतला तो अपघातांसाठी. ‘फास्ट’ तपासणीत, म्हणजे आत रक्त साठलंय का ते बघायच्या झटपट सोनोग्राफीत, चारच जागा बघायच्या: यकृत आणि उजव्या मूत्रपिंडामधली फट, प्लीहेभोवती, ओटीपोटात आणि हृदयाभोवती. तिथे काळी पट्टी दिसली आणि बीपी उतरत असेल, तर आत रक्तस्राव चालू आहे असं धरून पुढची धावपळ सुरू. पूर्वी ‘बघू, सकाळी सोनोग्राफी करू’ म्हणून पेशंट वॉर्डात जायचा. आता रेफर करायचा निर्णय ट्रॉलीवरच होतो, आणि पुढच्या हॉस्पिटलला फोनवर नेमकं सांगता येतं. मात्र काही दिसलं नाही म्हणजे काही नाही, असं अजिबात नाही. रक्त थोडं असेल, पोटाच्या मागच्या बाजूला साठलं असेल किंवा आतडं फाटलं असेल तर फास्ट गप्प बसते. नव्या एमओंना (मेडिकल ऑफिसरांना) मी हे रोज ऐकवतो, ते कंटाळलेत.

खरी वसुली झाली ती छातीवर. हवेतून अल्ट्रासाउंड जात नाही, म्हणून फुप्फुसाची सोनोग्राफी करायची नसते, असंच आम्ही शिकलो होतो. पण पडद्यावर उमटणारे हवेचे खेळच वाचायचे असतात. 2008 साली डॅनियल लिश्टेनश्टाइन या फ्रेंच डॉक्टरांनी धाप लागलेल्या पेशंटसाठी ‘ब्लू प्रोटोकॉल’ ही फुप्फुसाच्या सोनोग्राफीची पद्धत मांडली ती याच जोरावर. आडव्या ए-लाइन्स म्हणजे खाली हवा आहे. उभ्या, श्वासाबरोबर हलणाऱ्या बी-लाइन्स दोन्हीकडे भरपूर दिसल्या तर बहुधा फुप्फुसात पाणी. रात्री दोनला धापा टाकत आलेल्या आजोबांना दमा की हार्ट फेल्युअर, नेब्युलायझर की लॅसिक्स (लघवीवाटे पाणी काढणारं औषध), हा घोळ स्टेथोस्कोपने नेहमी सुटत नाही. प्रोबने तो पुष्कळदा दोन मिनिटांत सुटतो.

आमच्याकडे याचा आणखी एक उपयोग आहे: विंचू. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांमुळे प्राझोसिन हे विंचूदंशावरचं औषध आता कोकणात सगळ्यांना माहीत आहे. पण घामाने भिजलेल्या, हातपाय गार पडलेल्या पोराला सलाइन किती द्यायचं, हा प्रश्न उरतोच. बी-लाइन्स छातीत घरघर ऐकू येण्याआधी दिसू शकतात, आणि हृदय नीट आकुंचन पावतंय का तेही कळतं. म्हणजे फुप्फुसात पाणी वाढण्याआधी सलाइनची बाटली वेळेत थांबवता येते.

पावसाळ्यात डेंग्यूच्या पेशंटमध्ये जाड झालेली पित्ताशयाची भिंत आणि छातीतलं पाणीही छान दिसतं. मात्र या प्रोबने हृदयाच्या झडपा वगैरे तपासण्याच्या नादी लागू नये.

आता डोकेदुखी. प्रोब खिशात मावतो, पण खिशात घालून फिरता येत नाही. पीसीपीएनडीटी कायद्याखाली (गर्भलिंगनिदान रोखणारा कायदा) तो सिरियल नंबरसकट समुचित प्राधिकाऱ्याकडे नोंदवावा लागतो, पोर्टेबल यंत्र नोंदणीच्या जागेबाहेर न्यायला सक्त बंधनं आहेत, आणि गरोदर बाई असेल तर तिच्या सोनोग्राफीच्या नोंदीचा फॉर्म एफ भरायचाच. प्रोब कोणी धरायचा, त्याचं शिक्षण काय, हेही नोंदणीत बघतात. महाराष्ट्राने 1988 मध्येच, केंद्राच्या आधी, असा कायदा केला होता. का केला, ते मुलींचे आकडे पाहिलेल्या कोणालाही सांगायला नको. त्यामुळे कुरकुर करत का होईना, पण कागद पूर्ण ठेवा. आमचा प्रोब कपाटात कुलपात असतो, किल्ली ड्युटीवरच्या सिस्टरकडे.

बाकी तक्रारी यंत्राच्या. सलग वापरला की तापतो आणि चित्र आपोआप थांबतं, तेही नेमकं गडबडीत. जाड पेशंटमध्ये हृदय धूसर दिसतं. ॲपची वार्षिक वर्गणी वेगळी, ती कोटेशनमध्ये बारीक अक्षरात होती. हाताला लागेल त्या स्पिरिटने पुसू नका, कंपनीने सांगितलेलेच वाइप्स वापरा. नाहीतर पुढचं आवरण खराब होतं.

चोवीस तास रेडिओलॉजिस्ट आणि सीटी असेल तर चाकांवरचं मोठं कार्ट-मशीन घ्या, चित्र त्याचंच चांगलं. आमच्यासारख्या ठिकाणी हँडहेल्ड घ्यावा, पण आधी निदान दोन डॉक्टरांना रीतसर प्रशिक्षणाला पाठवा आणि नोंदणीचा अर्ज खरेदीच्या आधी करा.